एसीचा १६ चा एमसीबी रोज दुपारी पडतो, इलेक्ट्रिशियन म्हणतो ३२ चा टाकू. टाकावा का?

संत्रानगरी:

नमस्कार मंडळी. उद्या सकाळी इलेक्ट्रिशियन येतोय आणि त्याच्या आत ठरवायचंय म्हणून विचारतोय.

नागपूरला टू बीएचके फ्लॅट, बिल्डिंग बऱ्यापैकी जुनी. हॉलमध्ये दीड टनाचा एसी आहे, जुन्यातला, इन्व्हर्टरवाला नाही, स्टॅबिलायझर लावलेला आहे. डीबी, म्हणजे एमसीबींची डबी, गॅलरीत, पश्चिमेच्या भिंतीवर, दुपारी दोन वाजल्यापासून त्याच्यावर सरळ ऊन. एसीच्या लाइनला १६ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) आहे, वर सी१६ लिहिलंय. मे महिना लागल्यापासून हा एमसीबी रोज दुपारी पडतोय, साधारण तीन ते साडेचारच्या मधे. एसी सुरू करून तासभर होऊन गेलेला असतो, मस्त थंड झालेलं असतं आणि खट् करून बंद. लगेच जाऊन वर केला तर एकतर बसतच नाही नाहीतर पाच मिनिटांत परत पडतो, पण पंधरा-वीस मिनिटं थांबलो की व्यवस्थित बसतो. रात्री मात्र सकाळपर्यंत एसी चालतो, एकदाही पडत नाही. एसीवाल्याला दाखवलं, तो म्हणे मशीन ठीक आहे, गॅस वगैरे सगळं बरोबर.

इलेक्ट्रिशियन म्हणतो एमसीबी वीक झालाय, ३२ चा टाकून देतो म्हणजे कटकटच संपेल. घरात आई आहेत, त्यांना दुपारी एसी बंद पडला की फार त्रास होतो, त्यामुळे मलाही वाटतंय की टाकून टाकावा. पण १६ च्या जागी थेट दुप्पट म्हणून मनात धाकधूक आहे. कुणी नीट सांगेल का की हा एमसीबी नेमका कशावरून पडतो आणि ३२ टाकल्याने काय फरक पडेल?


पूर्वपश्चिम:

आमच्याकडे एसीला ३२ चाच आहे, बरीच वर्षं झाली, काही झालं नाही. टाका बिनधास्त. आई महत्त्वाच्या.


जुना_वायरमन:

नका टाकू. पूर्वपश्चिम, तुमच्याकडे भिंतीतून सहाची, म्हणजे ६ चौरस मिलिमीटरची, वायर गेली असेल तर ३२ ठीकच आहे, पण संत्रानगरींच्या भिंतीत काय आहे ते आपल्याला कुणालाच माहीत नाही आणि सगळा प्रश्न तिथेच आहे.

एमसीबी हा एसी वाचवायला लावलेला नसतो, तो भिंतीतली वायर वाचवायला लावलेला असतो, त्यामुळे त्याच्यावरचा आकडा एसी बघून नाही तर वायर बघून ठरतो. जुन्या बिल्डिंगमध्ये एसीच्या पॉइंटला बहुतेक अडीचची वायर मिळते, नशीब असेल तर चारची. अडीचच्या तांब्याच्या वायरला पुस्तकात २४ अँपिअरच्या आसपासचा आकडा दिसतो, पण तो ३० अंश तापमानाचा असतो. नागपूरला मे महिन्यात बाहेर ४५, भिंत त्याहून गरम, मग तीच वायर १९-२० च्या पुढे सुखाने चालत नाही. आता तिच्यापुढे ३२ चा एमसीबी ठेवला की काय होतं बघा. स्टँडर्ड असं आहे की एमसीबीने स्वतःच्या आकड्याच्या १.१३ पट करंट तासभर न पडता सोसला पाहिजे आणि १.४५ पटीला तासाभराच्या आत पडलं पाहिजे. म्हणजे ३२ चा एमसीबी ३६ अँपिअर तासभर आरामात जाऊ देणार, आणि ४६ अँपिअर वाहत असले तरी त्याला पडायला जवळजवळ तास लागला तर तेही नियमात बसतं. वायरीत करंट दीडपट झाला की उष्णता दीडपट नाही, सव्वादोनपट होते, कारण ती करंटच्या वर्गाने वाढते. साध्या पीव्हीसीचं इन्सुलेशन ७० अंशांसाठी बनवलेलं असतं. त्याच्यावर गेलं की ते एका दिवसात पेटत नाही, आधी कडक होतं, मग तडकतं, आणि हे सगळं प्लास्टरच्या आत होतं म्हणून कुणाला दिसत नाही. "काही झालं नाही" म्हणणाऱ्या घरांत बरेचदा हेच चालू असतं.

आता तुमचा एमसीबी कशावरून पडतो ते. एखादा काढून टाकलेला एमसीबी मिळाला तर रिव्हेट तोडून आत बघा, (लाइनवरचा नाही, फेकायला काढलेला) आत दोन वेगवेगळ्या गोष्टी दिसतील आणि त्या दोन वेगवेगळ्या संकटांसाठी आहेत. एक म्हणजे पट्टी. दोन धातू एकमेकांना जोडून केलेली, त्यातला एक गरम झाल्यावर जास्त प्रसरण पावतो आणि दुसरा कमी, त्यामुळे पट्टी वाकते आणि वाकत वाकत खटक्याचा अडसर सोडवते. सगळा करंट या पट्टीतून किंवा तिच्या शेजारून जातो. थोडा जास्त करंट असेल तर हळू वाकते, बराच जास्त असेल तर लवकर. अडीचपट करंटला एक सेकंद ते एक मिनिट यांच्या मधे कधीतरी पडलंच पाहिजे असा नियम आहे. ओव्हरलोड ही पट्टी बघते.

दुसरी म्हणजे कॉइल. जाड तारेचे थोडे वेढे आणि मधे लोखंडाचा छोटा दांडा. शॉर्ट सर्किटला शेकड्यांनी अँपिअर येतात, कॉइल चुंबक होते, दांडा झटक्यात पुढे येऊन अडसर उडवतो आणि बऱ्याच बनावटींत तो थेट कॉन्टॅक्टवरच आदळून त्याला उघडतो. हे सगळं काही मिलिसेकंदात. तुमच्या सी१६ मधलं "सी" म्हणजे ही कॉइल आकड्याच्या ५ ते १० पटीच्या मधे कुठेतरी चालणार, म्हणजे ८० ते १६० अँपिअर. बी असेल तर ३ ते ५ पट, डी असेल तर १० ते २० पट. एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर पाच-सहापट करंट ओढतो म्हणून तिथे सी लावतात.

कॉन्टॅक्ट उघडले म्हणून करंट लगेच थांबत नाही बरं का, मधल्या फटीत ठिणगी ताणली जाते आणि करंट तिच्यातून वाहतच राहतो. म्हणून एका बाजूला लोखंडी पत्र्यांची छोटी चळत असते, ठिणगी चुंबकाच्या जोराने ढकलली जाऊन त्या पत्र्यांत शिरते आणि तिचे दहा-बारा तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला पेटत राहायला वीसेक व्होल्ट लागतात, सगळे मिळून लाइनचा व्होल्टेज अपुरा पडायला लागतो आणि ठिणगी विझते, चांगल्या एमसीबीत अर्ध्या सायकलच्या, म्हणजे १० मिलिसेकंदांच्या आत. पुढच्या बाजूला चौकोनात ६००० किंवा १०००० छापलेलं असतं ना, तो एवढ्या अँपिअरचा शॉर्ट न फुटता तोडण्याचा आकडा. स्वस्तातला बिननावाचा एमसीबी घेताना लोक याच पत्र्यांवर पैसे वाचवत असतात हे लक्षात ठेवा. पट्टी आणि कॉइल एकाच डबीत घालायची ही कल्पना जर्मनीतल्या ह्युगो श्टोट्स यांच्या कंपनीची, १९२४ चं पेटंट, आणि शंभर वर्षांनंतरही आतलं तत्त्व तेच आहे.

तुमची केस सरळ पट्टीची आहे. तासाभराने पडतो, लगेच बसत नाही, थांबलं की बसतो, म्हणजे पट्टी गार व्हायची वाट बघावी लागते. शॉर्ट असता तर वर करताक्षणी पडला असता, थांबून काही उपयोग नसता. आता प्रश्न उरतो की पट्टी एवढी का तापते. तीन कारणं डोळ्यासमोर आहेत. ऊन. एमसीबीचा आकडा ३० अंशांना ठरवलेला असतो, उन्हातल्या बंद डबीत सहज ५५-६० होतात, तिथे १६ चा एमसीबी १४ नाहीतर १३ चा होऊन बसतो, कंपनीप्रमाणे थोडं इकडेतिकडे. त्यात शेजारचे एमसीबीही भरलेले असले तर आणखी कमी. दुसरं, स्टॅबिलायझर. दुपारी व्होल्टेज खाली गेलं की तो आउटपुट २३० च्या जवळ राखतो खरा, पण त्यासाठी इनपुटला जास्त करंट ओढतो. एसी ८ अँपिअर घेत असेल आणि लाइनला १८० च व्होल्ट असतील तर एमसीबीतून १० च्या वर जातात. आणि तिसरं, ढिला स्क्रू, मला सगळ्यात जास्त संशय याचाच. टर्मिनलला समजा ओहमचा दहावा भाग एवढा जरी रेझिस्टन्स आला तरी १० अँपिअरला १० वॉट उष्णता तिथे नखाएवढ्या जागेत तयार होते, आणि ती तांब्यातून थेट पट्टीकडे जाते. मग करंट जास्त नसतानाही एमसीबी पडतो. अशा वेळी मोठा एमसीबी टाकला की पडणं थांबतं पण ढिला स्क्रू तसाच तापत राहतो.

उद्या त्याला सांगा, मेन बंद करून या एमसीबीची वायर काढ, तिचं टोक काळं-तपकिरी झालंय का बघ, इन्सुलेशनवर वायरचा साइझ छापलेला असतो तो वाच, आणि दुपारी एसी चालू असताना क्लॅम्प मीटरने करंट मोज. क्लॅम्प मीटर नसेल तर दुसरा माणूस बोलवा. आणि आणखी काय काय त्या लाइनवर आहे ते एमसीबी खाली करून घरभर फिरून बघा.


शेतावरचा:

काका फार छान समजावलंत. मला एक विचारायचंय, थोडं वेगळं आहे. आमचं शेतात घर आहे, कराडजवळ. घरापासून गोठा ८० मीटर असेल. घरातून दीडची वायर पाइपातून गोठ्यापर्यंत नेलीय, दोन बल्ब, एक पंखा आणि कधीतरी मोबाइल चार्जिंग. घरात त्या लाइनला वेगळा एमसीबी नाही, मेनचा ३२ चाच आहे, सी कर्व्ह. मागच्या पावसाळ्यात गोठ्यात उंदराने वायर कुरतडली आणि फेज न्यूट्रल चिकटले. एमसीबी पडला पण लगेच नाही, तोवर पाइपातून धूर यायला लागला आणि वायर जागोजागी वितळून एक झाली. गुरं बाहेर होती म्हणून वाचली. शॉर्टला मिलिसेकंदात पडतो म्हणता मग आमचा का नाही पडला? एमसीबी नवा होता, चांगल्या कंपनीचा.


आयटीआय_मॅडम:

शेतावरचा दादा, तुमचा एमसीबी बिघडलेला नव्हता, त्याच्यापर्यंत शॉर्टचा करंटच पुरेसा पोचला नाही. मी वायरमन ट्रेडला शिकवते आणि हे गणित दरवर्षी फळ्यावर करून घेते कारण शहरातल्या मुलांना ते पटतच नाही की शॉर्ट होऊनही करंट कमी असू शकतो.

दीडच्या तांब्याच्या वायरला एका किलोमीटरला १२ ओहमच्या थोडं वर रेझिस्टन्स असतो. तुमची वायर ८० मीटर, पण करंट जातो आणि परत येतो म्हणून १६० मीटर धरा, म्हणजे जवळजवळ २ ओहम. त्यात खांबापासून घरापर्यंतच्या लाइनचा आणि ट्रान्सफॉर्मरचा थोडा, शेतात तो जरा जास्तच असतो. एकूण समजा सव्वादोन-अडीच. २३० भागिले ते, म्हणजे गोठ्यात पूर्ण शॉर्ट झाला तरी साधारण १०० अँपिअर. तुमचा सी३२, त्याची कॉइल १६० च्या खाली हलणारच नाही आणि ३२० ला नक्की चालेल एवढीच हमी. १०० म्हणजे त्याच्या आकड्याच्या तीनपट, म्हणजे त्याच्या हिशोबाने तो शॉर्ट नव्हताच, जोरदार ओव्हरलोड होता. मग पट्टीच्या गतीने पडला, काही सेकंद, कधी दहा-पंधरा सेकंदही लागतात.

आता वायरीच्या बाजूने बघा. पीव्हीसीच्या तांब्याच्या वायरला शॉर्टच्या वेळी किती सोसतं त्याचं एक सूत्र आहे, ११५ गुणिले वायरचा साइझ, त्याचा वर्ग, भागिले करंटचा वर्ग, उत्तर सेकंदांत येतं. ११५ गुणिले दीड म्हणजे १७२.५, वर्ग २९,७५६, त्याला १०० च्या वर्गाने म्हणजे १०,००० ने भागलं की तीन सेकंद. तीन सेकंदांत तुमची वायर ७० वरून १६० अंशांवर गेली, त्याच्यापुढे पीव्हीसी टिकत नाही. एमसीबीला त्याहून जास्त वेळ लागला. एवढंच झालं.

उपाय स्वस्त आहे. गोठ्याच्या लाइनला घरातूनच वेगळा एमसीबी द्या, बी१०, नाहीतर बी६ सुद्धा पुरेल कारण लोड काहीच नाही. बी१० ची कॉइल ५० अँपिअरला नक्की चालते, तुमच्याकडे १०० येतात, म्हणजे क्षणात पडेल. दुकानदार सी१० पुढे करेल कारण तोच सगळीकडे चालतो, सी१० ला नक्की पडायला १०० लागतात म्हणजे काठावर, तेव्हा मागून बी च घ्या, नसेल तर दोन दिवस थांबा. वायर नव्याने टाकणारच आहात तर अडीचची टाका, रेझिस्टन्स कमी होईल, व्होल्टेजही नीट मिळेल. लांब लाइनला वायर जाड आणि एमसीबी लहान. शेतात नेमकं उलट केलेलं असतं, लांब आहे म्हणून लोक मोठा एमसीबी टाकतात.

जुना_वायरमन काकांचं सगळं बरोबर आहे, फक्त एक जोडते. एमसीबी पडत असेल तर खटका वर दाबून धरणारे लोक मी बघितलेत, दोरीने बांधणारेही. त्याने काही होत नाही, चांगल्या एमसीबीत खटका बाहेरून धरून ठेवला तरी आतले कॉन्टॅक्ट सुटतात, तशीच रचना असते. पण शॉर्ट असताना पुन्हा पुन्हा वर करणं फार वाईट, प्रत्येक वेळी ठिणगी होते आणि कॉन्टॅक्ट जळतात. एकदा वर केला, लगेच पडला, की दुसऱ्यांदा करायचा नाही, आधी त्या लाइनवरचं सगळं प्लगातून काढायचं.


अंगणकट्टा:

मी अकोल्याची. एसी नाही आमच्याकडे, कूलर आहे लोखंडी, खिडकीत बसवलेला. परवा पाणी भरताना हाताला झिणझिण्या आल्या. मिस्टर म्हणतात एमसीबी आहे ना, काही असतं तर तो पडला असता. मला ते पटत नाहीये. वरचं वाचून अजूनच नाही पटत. घरात दोन लहान मुलं आहेत आणि ती कूलरपाशीच खेळतात.


आयटीआय_मॅडम:

ताई, आधी एक काम करा, हे वाचून होण्याच्या आत. कूलरचा प्लग काढा, नुसतं बटण बंद करून चालणार नाही, प्लगच काढा, आणि दाखवल्याशिवाय परत लावू नका. मुलांना तिकडे जाऊ देऊ नका.

तुमचं बरोबर आहे, एमसीबी शॉकपासून वाचवत नाही. त्याला फक्त करंट किती एवढंच कळतं, तो करंट पंख्यातून गेला की माणसातून हे कळत नाही. माणसाच्या अंगातून ५० मिलिअँपिअर गेले तरी हृदय बंद पडू शकतं आणि तुमचा एमसीबी १६,००० मिलिअँपिअर आरामात जाऊ देतो. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकच्या बातम्या येतात, त्या घरांमध्येही एमसीबी असतातच.

तुम्ही म्हणाल कूलरला अर्थिंग आहे. अर्थिंग हवंच, पण नुसत्या अर्थिंगच्या भरवशावर एमसीबी पडेल असं समजू नका. घराजवळचा खड्डा, पाइप आणि मीठ-कोळसा, उन्हाळ्यात जमीन कोरडी, त्याचा रेझिस्टन्स २० ओहम धरला तरी २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर. कूलरच्या पत्र्याला फेज पूर्ण चिकटली, साडेअकरा अँपिअर जमिनीत जातायत, पत्रा जिवंत आहे, आणि १६ चा एमसीबी ढिम्म, कारण त्याच्या दृष्टीने हे साधं लोड आहे, तो दिवसभर पडणार नाही.

यासाठी आरसीसीबी लागतो, बरेच जण त्याला अजून ईएलसीबी म्हणतात. तो फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची तुलना करत बसतो. दोन्ही तारा एकाच लोखंडी कड्यातून जातात, सगळं सारखं असेल तर त्यांचा चुंबकीय परिणाम एकमेकांना खोडतो. काही करंट पत्र्यातून किंवा माणसातून जमिनीत गेला की फरक पडतो आणि तो उडतो. घराला ३० मिलिअँपिअरचा घ्यायचा, १०० किंवा ३०० चा नाही, ते आगीपासून बचावाला ठीक पण माणसासाठी नाहीत. ३० चा साधारण १५ ते ३० च्या मधे उडतो. मात्र आरसीसीबीला ओव्हरलोड कळत नाही, म्हणून दोन्ही हवेत, एकाच्या जागी दुसरा चालत नाही. दोन्ही एकत्र असलेला आरसीबीओ मिळतो, महाग असतो, पण फक्त कूलरच्या लाइनला लावायचा असेल तर तो सोयीचा. आणि एक, फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी हातात आले आणि तुम्ही लाकडी स्टुलावर उभ्या असाल तर आरसीसीबीलाही काही कळत नाही, तेव्हा तो बसवला म्हणून चालू कूलरमध्ये हात घालायचा नाही. पाणी भरताना प्लग काढायचाच.


संत्रानगरी:

सगळ्यांचे मनापासून आभार. अंगणकट्टा ताई, कूलर नक्की दाखवून घ्या. 

आज दुसरा इलेक्ट्रिशियन बोलावला, क्लॅम्प मीटर घेऊन आला. एमसीबीची खालची वायर काढली तर स्क्रू खरंच अर्धा आटा ढिला होता, टोक तपकिरी आणि इन्सुलेशन बोटभर कडक झालेलं. वायर अडीचची निघाली. दुपारी अडीचला मोजलं तेव्हा लाइनला १९० व्होल्ट होते आणि एसी साडेनऊ-दहा अँपिअर घेत होता. आणि मुख्य म्हणजे काकांनी सांगितल्याप्रमाणे एमसीबी खाली करून घरभर फिरलो तर किचनमधला मोठा सॉकेट पण बंद झाला. आधीच्या मालकांनी एसीच्या लाइनवरून तो काढून घेतलाय असं दिसतंय. त्याच्यावर आमचा इंडक्शन आहे आणि दुपारचा चहा आई साडेतीनच्या सुमारास त्याच्यावरच करतात! इंडक्शन लावून मोजलं तर एकूण सतरा-अठरा.

आता हा म्हणतो एमसीबी बदलून नवा १६ चाच टाकू, की २० चा? आणि मेनला आरसीसीबी बसवून घ्यावा म्हणतोय.


जुना_वायरमन:

हा माणूस सोडू नका, मीटर घेऊन येणारे फार कमी राहिलेत.

म्हणजे उन्हाने १६ चा १३-१४ झालेला, त्यात ढिल्या स्क्रूची उष्णता, पट्टी तासभरात काठावर आलेली आणि वर इंडक्शनचे सात-आठ अँपिअर. एमसीबीने त्याचं काम चोख केलं. रात्री ऊन नाही, चहा नाही, व्होल्टेज बरा, म्हणून रात्री पडत नव्हता.

एमसीबी १६ चाच नवा टाका, जुना ठेवू नका, एकदा तापून टर्मिनल खराब झालं की स्क्रू कितीही आवळला तरी पकड राहत नाही. वायरचं कडक झालेलं टोक कापून ताजं तांबं काढायला सांगा, आणि वायर मल्टिस्ट्रँड (बारीक तारांची) असेल तर लग (टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) लावून मग स्क्रूखाली घाला. २० चा टाकायची घाई करू नका, अडीचची वायर आणि नागपूरचा उन्हाळा, काठावर जातं. इंडक्शनचा सॉकेट त्या लाइनवरून आधी तोडा, किचनला वेगळी अडीचची आणि वेगळा १६ चा. पुढेमागे रंगकाम निघालं तर एसीला चारची वायर ओढून घ्या, मग सी२० सुखाने लावा. डीबीवर ऊन पडू नये म्हणून वर पत्र्याची छोटी छत्री नाहीतर पुढे बांबूची चटई, हवा खेळेल अशी. डबी आत हॉलमध्ये सरकवता आली तर सगळ्यात उत्तम पण त्यात फोडाफोडी आहे.

आरसीसीबी नक्की बसवा. फक्त इलेक्ट्रिशियनला आधीच सांगून ठेवा की घरात बॅटरीवाला इन्व्हर्टर असेल तर त्याचा न्यूट्रल तपास. जुन्या घरांत इन्व्हर्टरच्या लाइनचा आणि घराचा न्यूट्रल कुठेतरी एकत्र केलेला असतो, मग फेजमधून गेलेला करंट भलत्याच न्यूट्रलने परत येतो आणि आरसीसीबी काहीही बिघाड नसताना उडत राहतो. लोक वैतागून दोन दिवसांत तो काढून टाकतात, म्हणजे होतं ते संरक्षणही गेलं. न्यूट्रल वेगळे करायला अर्धा दिवस लागेल, तेवढे पैसे त्याला द्या. बसल्यावर महिन्यातून एकदा त्याच्यावरचं टेस्टचं बटण दाबायचं, उडाला की वर करायचा. नाही उडाला तर त्याच दिवशी बदलायचा.


अंगणकट्टा:

मॅडम, कूलर दाखवला. पंपाची वायर पत्र्याला घासून उघडी पडली होती आणि प्लगमधली अर्थची वायर जोडलेलीच नव्हती, पिन नुसती रिकामी. पंप बदलला, तीन वायरींची नवी केबल घातली. आरसीबीओ सांगितलाय, अकोल्यात दोन दुकानांत नव्हता, परवा येतो म्हणालेत. तोपर्यंत कूलर बंदच.


आयटीआय_मॅडम:

फार बरं केलंत. परवा आणताना वर ३० मिलिअँपिअर आणि सी१६ असं दोन्ही छापलेलं आहे ना ते दुकानातच वाचून घ्या, आणि बसवल्यावर कूलर लावण्याआधी टेस्टचं बटण दाबून बघा.